'डिस्पॅरिजिंग' हा शब्द सापडायला अकरा दिवस लागले: एका तक्रारीचा केस स्टडी

मी पुण्यात एचआरमध्ये आहे. कंपनी कुठली ते सांगणार नाही, आणि माणसं ओळखू येतील अशा गोष्टी बदलल्यात किंवा गाळल्यात. जिची तक्रार होती तिला विचारूनच लिहितेय, ती म्हणाली लिहा मॅडम, फक्त माझं गाव बदला. म्हणून गाव बार्शी धरून चाला.

पार्श्वभूमी

सपोर्ट टीम, १४ जण, क्लायंट इंग्लंडचा, त्यामुळे शिफ्ट दुपारी १ ते रात्री १०. मुलगी २४ वर्षांची, बारावीपर्यंत मराठी मीडियम, मग बीएस्सी, डेटाबेसचं काम एकदम पक्कं. तिकीट, म्हणजे क्लायंटने नोंदवलेली अडचण, तिच्याकडे गेलं की सुटतं हे टीममध्ये सगळ्यांना माहीत. इंग्लिश बोलताना अडखळायची, लिहिताना कमी. टीमचा लीड ३४ चा, पुण्यातच वाढलेला, कॉन्व्हेंटवाला, कामाला वाघ आणि बोलायला मिश्कील, म्हणजे टीममधले बाकीचे लोक त्याला मिश्कील म्हणायचे.

टीमची एक पद्धत होती. क्लायंटला जाणारा प्रत्येक मोठा मेल आधी लीडने बघायचा. इथवर ठीक. पण वेळ वाचावा म्हणून हे बघणं रोजच्या कॉलवरच व्हायचं, स्क्रीन शेअर करून, चौदाच्या चौदा जणांसमोर. ही पद्धत कुणी ठरवली ते मी नंतर शोधलं तर कुणीच ठरवली नव्हती, कोविडमध्ये घरून काम करताना पडलेली सवय ती, तशीच चालू राहिली.

झालं काय

तीन प्रसंग आहेत, दोन आठवड्यांत मिळून.

पहिला. तिचा मेल स्क्रीनवर, त्यात शेवटची ओळ 'प्लीज डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक', म्हणजे योग्य ते करा आणि कळवा, आपल्या ऑफिसांतलं ठरलेलं इंग्लिश. लीडने ती मोठ्यांदा वाचली, परत एकदा वाचली सूर लावून, आणि म्हणाला, "बार्शीत इंग्लिशचा तास झाडाखाली भरत होता का गं?" सगळे हसले. तीही हसली.

दुसरा. एका तिकिटावर क्लायंटशी कॉल होता, तपास सगळा तिने केलेला. कॉलच्या दोन मिनिटं आधी हा म्हणाला, "राहू दे गं, तुला नाही जमायचं बोलायला, उगाच टेन्शन घेशील, मी करतो." आणि केला. क्लायंटने थँक्यू त्याला म्हटलं.

तिसरा टीमच्या चॅट ग्रुपवर. तिच्या मेलचा स्क्रीनशॉट, खाली त्याची ओळ, "ज्ञानपीठ नक्की", पुढे तीन हसरे चेहरे. नऊ जणांनी त्यावर हसरा अंगठा दिला.

(जाता जाता सांगते, चौकशीत मी त्याचेच मागच्या महिन्याचे मेल चाळले तर 'रिव्हर्ट बॅक' त्यातही होतं. पण तो मुद्दा नाही, म्हणजे मुद्दा आहे पण मी तो मीटिंगमध्ये काढला नाही, मोह फार झाला होता.)

पहिली तक्रार आणि माझी चूक

मुलीने शनिवारी रात्री एचआरला मेल केला. सब्जेक्ट, 'कम्प्लेंट रिगार्डिंग अब्यूसिव्ह लँग्वेज'. आत चार ओळी, की लीड टीमसमोर वारंवार अब्यूसिव्ह लँग्वेज वापरतो आणि मला मानसिक त्रास होतोय. प्रसंग एकही लिहिलेला नाही.

हा शब्द आला कुठून ते तिने नंतर सांगितलं. डोक्यात होतं 'अपमानास्पद भाषा'. मोबाईलवर टाकलं, तीन-चार इंग्लिश शब्द आले, त्यातला ओळखीचा वाटला तो उचलला.

आता आमच्याकडे काय होतं बघा. तक्रार नोंदवायच्या सिस्टीममध्ये प्रकार निवडावा लागतो, तिथे 'अब्यूसिव्ह लँग्वेज' हा आयता प्रकार आहे. इंग्लिशमध्ये त्या शब्दाचा अर्थ तसा रुंद आहे, पण आमच्या पॉलिसीत त्याखाली शिवीगाळ आणि धमकी एवढंच लिहिलंय. मी तो प्रकार टिकमार्क केला आणि पुढची सगळी गाडी त्या रुळावर गेली. मी तिला एक फोन करून "नक्की काय बोलला ते सांग" एवढं विचारलं असतं तर पुढचं वाचलं असतं. नाही विचारलं. सोमवार होता, जॉइनिंगची बॅच होती, ही कारणं झाली.

चौथ्या दिवशी मीटिंग. लीड आला तोच लालबुंद. "मी शिवी दिली? कुठली शिवी दिली तेवढं सांगा. चौदा जण आहेत, कुणालाही विचारा." विचारलं. चार जणांना वेगवेगळं बोलावलं, चौघं म्हणाले शिवी कधीच नाही दिली. खरंच होतं ते. मुलीला विचारलं तर ती खाली बघून गप्प. नोट्समध्ये 'तथ्य आढळले नाही' लिहायची वेळ आली होती, माझा एक सहकारी तर लिहायला लागलाही होता.

थांबलो ती जागा

मीटिंग संपल्यावर मी तिला पॅन्ट्रीत गाठलं आणि म्हटलं, इंग्लिश सोड, मराठीत सांग, तो काय बोलतो ते त्याच्याच शब्दांत सांग. मग तिने वरचे तीन प्रसंग सांगितले, सलग, तारखांसकट. आणि म्हणाली, "मॅडम, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवी उलटून देता येते. हे हसत हसत बोलतात आणि मलाही हसायला लागतं."

मी तिला म्हटलं अगं मग ह्याला मराठीत शब्द आहे की, हिणवणं. हिणकस शेरे मारतो तो. ती म्हणाली हो, अगदी तेच, पण ह्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात तेच मला सापडत नव्हतं.

मलाही पटकन नाही सापडलं, हे कबूल करते. पंधरा वर्षं इंग्लिशमध्ये लेटरं लिहितेय तरी.

मग शब्द कुठला?

ह्यावर आम्ही दोघींनी आणि लीगलमधल्या एका सहकाऱ्याने दोन संध्याकाळी घालवल्या आणि मला वाटतं ह्या सगळ्या प्रकरणातला तो सगळ्यात कामाचा वेळ होता.

आधी आला 'डेरॉगेटरी'. डिक्शनऱ्या हा आणि डिस्पॅरिजिंग एकमेकांच्या अर्थातच देतात, त्यामुळे चूक म्हणता येणार नाही. पण वापरात फरक पडतो. डेरॉगेटरी हा बहुतेकदा 'टर्म'ला, म्हणजे एखाद्या नावाला, हाकेला लागतो, जात, धर्म, प्रांत, वर्ण ह्यावरून एखाद्या गटाला दिलेल्या हलक्या नावाला. एचआरच्या फायलीत 'डेरॉगेटरी रिमार्क्स' वाचलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात पहिला प्रश्न तोच येतो. म्हणून मला तिला तो अवघड प्रश्न विचारावाच लागला, की त्याने जातीवरून कधी काही म्हटलंय का, आडून सुद्धा? तसं असतं तर रस्ताच वेगळा, १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, ती गोष्ट पॅन्ट्रीत मिटवायची नसते. बाई म्हणून काही? तेही असतं तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती. ती दोन्हीला नाही म्हणाली, स्पष्ट. "गावावरून आणि मीडियमवरून बोलतात. आणि माझ्या कामाला काडीची किंमत नाही असं दाखवतात." हे मी तिच्याच शब्दांत लिहून घेतलं.

मग 'कॉन्डिसेंडिंग'. हा दुसऱ्या प्रसंगाला चपखल बसतो. "राहू दे गं, तुला नाही जमायचं, मी करतो" ह्यात वरवर काळजी आहे, आवाजही मऊ आहे, पण बोलणारा दोन पायऱ्या वर उभा राहून बोलतोय. आपल्याकडे उपकार केल्यासारखं बोलणं म्हणतात तसं. गंमत म्हणजे अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये कॉन्डिसेन्शन हा बऱ्यापैकी कौतुकाचा शब्द होता, मोठा माणूस खाली उतरून आपल्याशी बोलला म्हणजे केवढा चांगुलपणा. पायऱ्या सगळ्यांना मान्य होत्या तोवर चालला तो अर्थ.

'पिजॉरेटिव्ह' सहकाऱ्याने सुचवला, तो लगेच बाद केला. तो शब्दांबद्दल बोलायचा शब्द आहे, 'दीडशहाणा' हा शब्द पिजॉरेटिव्ह आहे असं म्हणता येतं, पण तक्रारीत तो पुस्तकी वाटतो. 'बिलिटलिंग' चालला असता, अर्थ सरळ, कमी लेखणारं. ह्या बिलिटलची पण एक गोष्ट आहे, अमेरिकेतले प्राणी युरोपपेक्षा खुजे असतात असं म्हणणाऱ्या फ्रेंच पंडिताला उत्तर देताना थॉमस जेफरसनने हा शब्द वापरला आणि १७८७ मध्ये लंडनच्या एका मासिकाने हा काय भलता शब्द म्हणून त्याचीच टर उडवली. कमी लेखण्यासाठीच्या शब्दालाच कमी लेखलं.

शेवटी 'डिस्पॅरिजिंग'. उच्चार डिस्पॅरिजिंग, जोर 'पॅ'वर, डिस्परेजिंग नव्हे. माणसाची, त्याच्या कामाची किंवा कुवतीची किंमत कमी करून बोलणं. शिवी लागत नाही, आवाज चढवावा लागत नाही, हसत हसत करता येतं. आणि ह्या शब्दाचं मूळ बघितलं तेव्हा मुलगी पहिल्यांदा मनापासून हसली. जुन्या फ्रेंचमध्ये 'पराज' म्हणजे कूळ, दर्जा, त्याच्या मुळाशी लॅटिन 'पार', म्हणजे बरोबरीचा, शेअरवाले 'ॲट पार' म्हणतात तोच. डिस्पॅरेज करणं म्हणजे आधी काय, तर कुणाचं लग्न खालच्या कुळात लावून देणं. १२१५ च्या मॅग्ना कार्टात एक कलम आहे की वारसांची लग्नं डिस्पॅरेजमेंट न करता लावावीत, कारण बाप मेलेल्या सरदारपुत्रांची-मुलींची लग्नं लावायचा हक्क राजाकडे असायचा आणि राजा तो हक्क विकायचा सुद्धा. म्हणजे आपल्याकडचं तोलामोलाचं स्थळ! तोलामोलाच्या खाली नेऊन बसवणं हा त्या शब्दाचा जुना अर्थ आणि आपला 'हिणकस' सोन्यातल्या हिणातून आलेला, भेसळीने कस उतरलेलं सोनं. एक शब्द सोयरिकीतून आला, दुसरा सराफाकडून, आणि दोन्ही जाऊन पोचले एकाच जागी.

पर्याय काय होते

प्रकरण बंद करणं हा एक, सगळ्यात सोपा, कागदोपत्री बरोबर सुद्धा, कारण शिवी नव्हतीच. तो केला असता तर ती तीन महिन्यांत सोडून गेली असती असं मला तेव्हाही वाटलं. दुसरा, तोच मेल ठेवून फक्त शब्द बदलायचा, अब्यूसिव्ह काढून डेरॉगेटरी. हा सहकाऱ्याचा आग्रह होता, म्हणे जड शब्द असला की मॅनेजमेंट जागी होते. मला हे पटलं नाही. जड शब्द एकदा उघडा पडला होता, दुसऱ्यांदा पडला तर मुलगीच खोटी ठरते. तिसरा, कागद न करता लीडला बाजूला घेऊन समजावायचं. मुलीलाही आधी हेच हवं होतं, वाद नको मॅडम. पण मग पुढच्या वेळी आमच्या हातात काय? चौथा, जुनी तक्रार रीतसर मागे घेऊन नवीन द्यायची, ज्यात बोललेली वाक्यं आधी आणि विशेषण नंतर.

चौथा घेतला, त्याला तिसऱ्यातलं थोडं जोडून. मुलीला ठरवायला दोन दिवस दिले. घरी आईशी बोलली, आई म्हणाली नोकरी जाणार नसेल तर लिही. मी लेखी दिलं की जाणार नाही.

काय केलं

तिचा नवा ड्राफ्ट आला त्यात एक वाक्य होतं, 'आय फेल्ट व्हेरी डिस्पॅरिजिंग'. इथे जरा थांबले कारण ही चूक मी पुढे आणखी दोघांच्या लिहिण्यात बघितली. मराठीत आपण 'मला अपमानास्पद वाटलं' म्हणतो, बिनधास्त. इंग्लिशमध्ये हे विशेषण बोलणाऱ्याला, त्याच्या बोलण्याला, सुराला लागतं, ज्याला लागलं त्याला नाही. तिच्या वाक्याचा कुणी शब्दशः अर्थ लावला तर तीच दुसऱ्यांना हिणवायच्या मूडमध्ये होती असं होतं. लीडने तेवढंच उचललं असतं, परत ज्ञानपीठ. आम्ही लिहिलं, 'ही मेड डिस्पॅरिजिंग रिमार्क्स अबाउट माय इंग्लिश अँड माय स्कूलिंग', आणि तिला काय वाटलं ते वेगळ्या साध्या वाक्यात, 'आय फेल्ट ह्युमिलिएटेड'.

मांडणी अशी झाली की प्रत्येक प्रसंगाला तारीख, कुठे, समोर कोण, मग त्याचं वाक्य जसंच्या तसं मराठीत देवनागरीत, खाली इंग्लिश अर्थ, आणि सगळ्यात शेवटी एकच ओळ विशेषणाची. पहिल्या आणि तिसऱ्याला डिस्पॅरिजिंग, दुसऱ्याला कॉन्डिसेंडिंग. तिसऱ्याचा स्क्रीनशॉट जोडला. तिने हे सगळं स्वतः टाईप केलं, मी फक्त बाजूला बसले होते, आणि तक्रार लिहिताना शेजारी एचआरची बाई बसली होती हे बरोबर की चूक ह्यावर मला आजही शंका आहे.

अकराव्या दिवशी दुसरी मीटिंग. लीड पुन्हा तयारीत, "शिवी नाही म्हणून आता नवीन शब्द आणला का?" मी काही बोलले नाही, पहिला प्रसंग मराठीत वाचून दाखवला. तो म्हणाला, "अरे, जोक होता तो. मी स्वतःवर पण करतो जोक." हे खरंय, करतो. लीगलवाला म्हणाला, स्वतःवर केला तर त्याला सेल्फ-डेप्रिकेटिंग म्हणतात आणि ते चालतं, कारण किंमत तू तुझी कमी करतोयस. मग त्याने निळीची केस सांगितली. कपड्यांच्या निळीच्या जाहिरातीवरून कलकत्ता हायकोर्टात १९९९ मध्ये निकाल झाला, त्याचं सार असं की माझा माल जगात भारी म्हण, खोटं असलं तरी म्हण, तुलना कर, पण दुसऱ्याचा माल भंगार म्हणायला लागलास की ते डिस्पॅरेजमेंट. "तू म्हण ना माझं इंग्लिश फर्स्टक्लास आहे. तिचं झाडाखालचं कशाला म्हणतोस?"

लीड थोडा वेळ गप्प बसला. मग विचारलं, "हे अप्रेझलला लागणार का?" माफी वगैरे नाही, पहिला प्रश्न हा. पण वाक्यं नाकारली नाहीत त्याने, एकही नाही, आणि पहिल्या मीटिंगपेक्षा हा फरक मोठा होता.

निकाल

लीडला लेखी समज, फायलीत एक वर्ष. चॅटमधला स्क्रीनशॉट त्याने स्वतः काढून टाकला. मेल तपासणं कॉलवरून बंद, आता ड्राफ्टवर कमेंट टाकायची, जो-तो आपली बघतो. क्लायंट कॉलवर ज्याने तपास केला त्यानेच आधी बोलायचं, लीड सोबत. ह्या दोन गोष्टींनी टीममध्ये जेवढा फरक पडला तेवढा त्या समजेच्या लेटरने नाही पडला.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. लीडने तिच्याशी बोलणंच टाकलं. काम सोडून एक अक्षर नाही, चहाला सगळ्यांना हाक, तिला नाही. आता ह्याला कुठलं विशेषण लावू? ती म्हणाली मॅडम, आता तक्रार नको, मला टीम बदलून द्या. चार महिन्यांनी दिली. ज्या नऊ जणांनी हसरे अंगठे दिले होते त्यांच्याशी आम्ही काहीच बोललो नाही.

परत करायचं झालं तर

पहिल्या मेलला उत्तर म्हणून मी प्रकार निवडणार नाही, फोन करीन. 'काय बोलला ते जसंच्या तसं, ज्या भाषेत बोलला त्या भाषेत' एवढंच विचारीन. सिस्टीममधला तो प्रकारांचा रकाना आम्ही आता शेवटी नेलाय. पहिल्या दिवशी तक्रारदाराला इंग्लिशमध्ये लिहायलाच लावायचं नाही असंही मी सुचवलं होतं, त्यावर वरून उत्तर आलं की ऑफिशियल लँग्वेज इंग्लिश आहे. म्हणून आता मराठी-हिंदी वाक्यं ॲटॅचमेंट म्हणून घेतो.

आणि त्या अंगठेवाल्या नऊ जणांना बोलावीन. निदान विचारीन तरी, की त्यात हसण्यासारखं नक्की काय होतं ते मला समजावून सांगा.

नंतर

दीड वर्षाने तिला दुसरीकडे चांगली ऑफर आली. एक्झिटच्या कागदांत आमच्याकडे एक नॉन-डिस्पॅरेजमेंटचं कलम असतं, की सोडल्यावर कंपनीबद्दल हिणकस काही बोलणार-लिहिणार नाही. लोक न वाचता सही करतात, मीही केली असती. संध्याकाळी तिचा फोन आला, हसत होती. "मॅडम, हा शब्द मला माहितीये." मग म्हणाली, "पण हे माझ्यावरच का? कंपनीने माझ्याबद्दल तसं बोलायचं नाही हे कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं नव्हतं. लीगलला मेल केला, ते म्हणाले स्टँडर्ड फॉरमॅट आहे. दुसरा मेल केला. तिसऱ्याला ते कबूल झाले आणि तिच्या कागदात कलम दोन्ही बाजूंनी लागू झालं. तेवढी ओळ तिने पेनने अधोरेखित केली आणि मग सही केली.